गहाण पडलेले देह : सायबरपंकची चार दशके

विसाव्या शतकाची शेवटची दोन-तीन वर्षे उरली असताना आपल्या शहरांत गल्लोगल्ली 'सायबर कॅफे' अशा पाट्या झळकू लागल्या. प्लायवूडच्या आडोशांमागे मांडलेले संगणक, तासावर आकारले जाणारे पैसे आणि जोडणी लागेपर्यंत चालणारी मोडेमची किरकिर, हे सारे त्या पिढीच्या आठवणीत पक्के आहे. पाटीवरचा 'सायबर' हा शब्द आला कोठून, याची चौकशी करण्याचे तेव्हा कोणालाच कारण नव्हते. पुढे २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला, 'सायबर गुन्हे' वर्तमानपत्रांत नित्याचे झाले, बहुतेक कॅफे यथावकाश बंद पडले आणि तो शब्द पोलीस ठाण्यांच्या पाट्यांवर जाऊन बसला.

या शब्दाचे मूळ ग्रीक आहे. नावेचे सुकाणू धरणारा, म्हणजे कर्णधार, असा त्याचा अर्थ. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने १९४८ साली प्राणी आणि यंत्रे यांच्यातील नियंत्रण व संदेशवहनाच्या शास्त्राला 'सायबरनेटिक्स' हे नाव दिले ते याच मुळावरून. विल्यम गिब्सनने १९८२ साली 'ऑम्नी' मासिकातील 'बर्निंग क्रोम' या कथेत 'सायबरस्पेस' हा शब्द योजला आणि तेथून तो जगभर पसरला. म्हणजे या शब्दाच्या गाभ्यातच एक प्रश्न दडलेला आहे : सुकाणू कोणाच्या हाती?

सायबरपंक या साहित्यप्रकाराची ओळख करून देताना बहुधा त्याच्या नेपथ्याचे वर्णन केले जाते. अखंड पाऊस, निऑनचे दिवे, काळे चष्मे, संगणकांत घुसखोरी करणारे तरुण. हे नेपथ्य खरेच मोहक आहे. पण मला स्वतःला ज्या कलाकृती पुनःपुन्हा वाचाव्या, पाहाव्या आणि खेळाव्या वाटल्या, त्यांचे धागे जुळवू गेल्यावर दिसले ते वेगळेच. त्या प्रत्येकीत कोणीतरी असा आहे, ज्याचा देह त्याच्या मालकीचा नाही. तो कोणाकडे तरी गहाण पडलेला आहे. सायबरपंकचा इतिहास मला या गहाणवटीचा इतिहास वाटतो आणि पुढे केलेली निवड त्याच दृष्टीने आहे. ओघात काही कथानकांचा शेवट उघड होणार आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

सायबरपंक हे नाव जन्मण्यापूर्वीच त्याची एक उत्कृष्ट कथा लिहून झाली होती. 'द गर्ल हू वॉज प्लग्ड इन' ही १९७३ सालची दीर्घकथा जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने प्रसिद्ध झाली. या पुरुषी नावाआड अॅलिस शेल्डन ही लेखिका होती. कथेतल्या जगात जाहिरातींना कायद्याने बंदी आहे. त्यावर कंपन्यांनी पळवाट काढली आहे : लोकप्रिय तारे-तारकांनी आपल्या दैनंदिन जीवनात विशिष्ट वस्तू वापरायच्या आणि लोकांनी ते पाहायचे. पी. बर्क ही विद्रूप, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली मुलगी कंपनीच्या हाती लागते. तिला एका बंदिस्त कपाटात ठेवून, तारांनी जोडून, डेल्फी नावाचा प्रयोगशाळेत वाढवलेला सुंदर पण मेंदूविरहित देह चालवण्याचे काम दिले जाते. डेल्फीवर एक तरुण भाळतो. सत्य समजल्यावर तो कपाटातल्या बर्कला सोडवायला नव्हे, तिच्या तारांमधून डेल्फीला सोडवायला धावतो आणि त्या झटापटीत बर्क मरते. मोबाइलच्या पडद्यावर हसतमुखाने प्रसाधने वापरून दाखवणारी आजची मंडळी पाहताना ही अर्धशतकापूर्वीची कथा आठवली नाही, असे मला होत नाही. देह एकाचा, श्रम दुसऱ्याचे आणि नफा तिसऱ्याचा, ही त्रिस्थळी यात्रा येथे प्रथमच इतकी स्वच्छ मांडली गेली.

त्यानंतर १९८२ साल उजाडले. २५ जूनला रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' अमेरिकेत प्रदर्शित झाला. फिलिप के. डिकच्या १९६८ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. डिकने त्यातली काही दृश्ये पाहिली होती, पण पूर्ण चित्रपट पाहण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, तो निवर्तला. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला होता आणि परग्रहावरच्या गोड पाहुण्यावर लुब्ध झालेल्या प्रेक्षकांनी या काळोख्या चित्रपटाकडे पाठ फिरवली. स्टुडिओच्या आग्रहाने त्यात निवेदन आणि सुखान्त शेवट चिकटवला होता. १९९२च्या आवृत्तीत ते दोन्ही काढले गेले. स्कॉटच्या मनासारखा अंतिम पाठ यायला २००७ साल उजाडावे लागले.

'ब्लेड रनर'मधले रेप्लिकंट हे कारखान्यात घडवलेले मानव आहेत. परग्रहांवरच्या वसाहतींत धोक्याची, कष्टाची कामे करण्यासाठी त्यांना निर्माण केलेले आहे आणि त्यांचे आयुष्य चार वर्षांवर बेतलेले आहे. पळून पृथ्वीवर आलेल्या रॉय बॅटीला ना सूड हवा आहे ना राज्य. त्याला मुदतवाढ हवी आहे. आपल्या निर्मात्याच्या, टायरेलच्या, दारात तो उभा राहतो तेव्हा त्याचा आविर्भाव बंडखोराचा कमी आणि सावकाराच्या ओट्यावर आलेल्या कुळाचा अधिक असतो. मुदतवाढ मिळत नाही. चित्रपटाच्या आरंभीच रात्रीच्या लॉस एंजेलिसच्या ज्वाळा एका उघड्या डोळ्यात प्रतिबिंबित होतात. पुढे रेप्लिकंटांचे डोळे बनवणारा वृद्ध कारागीर भेटतो आणि बॅटी त्याला सुनावतो की, तू घडवलेल्या या डोळ्यांनी मी जे पाहिले ते तुला कधीच दिसणार नाही. डोळे कंपनीचे, पण पाहणे कोणाचे? चित्रपटाचा सगळा प्राण या प्रश्नात आहे.

व्हँकुव्हरमध्ये राहणारा गिब्सन तेव्हा आपली पहिली कादंबरी लिहीत होता. 'ब्लेड रनर' पाहायला गेलेला हा लेखक थोड्याच वेळात चित्रपटगृहातून बाहेर पडला. आपल्या मनातले शहर पडद्यावर आधीच अवतरलेले पाहून तो धास्तावला होता. 'न्यूरोमॅन्सर' १९८४ साली निघाली आणि ह्यूगो, नेब्युला व फिलिप के. डिक असे तिन्ही पुरस्कार मिळवणारी ती पहिली कादंबरी ठरली. ती साध्या टंकलेखन यंत्रावर लिहिलेली होती. संगणकाचे गिब्सनचे ज्ञान यथातथाच होते. व्हिडिओ गेमच्या दुकानांत पडद्याला डोळे लावून बसलेली मुले त्याने पाहिली होती आणि या मुलांना पडद्याच्या आत शिरायचे आहे, एवढे त्याला कळले होते. आपल्याकडे विज्ञानकथेची परंपरा घडवणाऱ्यांत जयंत नारळीकर, बाळ फोंडके यांच्यासारखे स्वतः शास्त्रज्ञ असलेले लेखक अग्रभागी होते. त्यांनी विज्ञानाकडे प्रयोगशाळेच्या आतून पाहिले. गिब्सनने ते रस्त्याच्या कडेने पाहिले. त्यामुळे शोध कसा लागला यापेक्षा तो शोध चोरबाजारात पोचल्यावर काय झाले, यातच त्याला रस आहे.

'न्यूरोमॅन्सर'चा नायक केस हा संगणकजालात घुसून चोऱ्या करणारा पगारी चोर. धन्याच्याच मालावर हात मारल्याबद्दल त्याची मज्जासंस्था विषाने निकामी केली जाते. पुढे आर्मिटेज नावाचा नवा धनी खर्च करून ती दुरुस्त करतो, पण त्याच शस्त्रक्रियेत त्याच्या रक्तवाहिन्यांत सावकाश विरघळणाऱ्या विषाच्या पुड्या बसवून ठेवतो. काम वेळेत झाले तर उतारा, नाही तर पुन्हा पांगळेपण. गहाणखताची इतकी चोख कलमे मी इतरत्र वाचलेली नाहीत. त्याची सोबतीण मॉली हिच्या डोळ्यांवर आरशासारखी भिंगे कायमची बसवलेली आहेत, नखांखाली पाती आहेत. हे सारे विकत घेण्यासाठी लागलेला पैसा तिने कसा मिळवला, तर आपला देह काही तासांसाठी भाड्याने देऊन, जाणिवेचे बटण बंद करून. त्या तासांच्या आठवणी पुढे झिरपू लागतात, हा कादंबरीतला मला सर्वात अस्वस्थ करणारा भाग आहे.

नाव मात्र गिब्सनचे नव्हे. ब्रूस बेथकी या लेखकाची 'सायबरपंक' नावाची कथा १९८३ साली 'अमेझिंग स्टोरीज'मध्ये आली होती. तो शब्द उचलून, १९८४च्या अखेरीस 'वॉशिंग्टन पोस्ट'मधील लेखात नव्या लेखकांच्या एका गटाला लावला तो संपादक गार्डनर डोझवाने. ब्रूस स्टर्लिंगने १९८६ साली 'मिररशेड्स' हा कथासंग्रह संपादित करून या गटाला जाहीरनामा मिळवून दिला. त्या संग्रहात एकच लेखिका होती, पॅट कॅडिगन.

या गटाचा एक दोष येथे नोंदवायला हवा. केसला स्वतःचा देह म्हणजे निव्वळ मांसाचा गोळा वाटतो. खरे जीवन पडद्याच्या आत, देह हे केवळ ओझे. भुकेची आणि आजारपणाची जबाबदारी दुसऱ्या कोणावर असेल तर असे वाटणे सोपे असते. कॅडिगनच्या 'सिनर्स' या १९९१च्या कादंबरीने या वृत्तीला उत्तर दिले. तिच्यातला एक कलावंत मेंदूत खोबणी बसवून थेट जालात राहू लागतो, देहाकडे दुर्लक्ष करतो आणि त्या दुर्लक्षित देहाला पक्षाघात होतो. तो झटका तारांवरून इतरांच्या मेंदूत पसरतो. देह सोडून पळता येत नाही, हे या कादंबरीइतके परखडपणे या साहित्यप्रकारात क्वचितच कोणी सांगितले असेल. 'सिनर्स'ला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला, तरी यादी करताना तिचे नाव बहुधा विसरले जाते.

दरम्यान पॉल व्हरहोव्हनच्या १९८७च्या 'रोबोकॉप'ने हीच गोष्ट भडक विनोदाच्या अंगाने सांगितली होती. डेट्रॉइटचे पोलीस दल एका कंपनीने चालवायला घेतलेले आहे. मर्फी हा शिपाई मारला जातो. नोकरीत शिरताना त्याने कागदांवर सह्या केल्या आहेत आणि कायद्याच्या लेखी तो मृत आहे, तेव्हा त्याच्या शरीराचे काहीही करण्यास आपण मोकळे आहोत, असे कंपनीचे अधिकारी आपसांत निवांतपणे बोलतात. त्याच्या यांत्रिक मेंदूत एक गुप्त आज्ञाही पेरलेली असते : कंपनीच्या वरिष्ठांना अटक करायची नाही. चित्रपटगृहात या प्रसंगाला हशा मिळतो आणि तो हशा ओसरला की नोकरीच्या करारपत्रातले न वाचलेले बारीक टंकातले परिच्छेद आठवू लागतात.

जपानने या प्रकाराला वेगळे परिमाण दिले. कात्सुहिरो ओतोमोची 'अकिरा' ही चित्रमालिका १९८२ साली सुरू झाली आणि तिच्यावरचा चित्रपट १९८८ साली आला. येथे सावकार कंपनी नाही, सैन्य आणि सरकार आहे. गहाण पडली आहेत ती मुले, ज्यांच्यावर गुप्त प्रयोग चालले आहेत. चित्रपटाचा काळ २०१९ चा आहे आणि त्यातल्या टोकियोत २०२०च्या ऑलिंपिकची तयारी सुरू आहे. प्रत्यक्षात टोकियोला २०२० चे ऑलिंपिक मिळाले आणि महासाथीमुळे ते वर्षभर पुढे गेले, तेव्हा अनेकांनी ओतोमोला द्रष्टा ठरवले. हा योगायोग आहे. ओतोमो द्रष्टा असलाच तर तो त्यासाठी नव्हे. प्रौढांच्या महत्त्वाकांक्षेपायी तेत्सुओ या पोराचे शरीर त्याच्याच ताब्यातून निसटून अक्राळविक्राळ वाढत जाते, त्या दृश्यासाठी तो मोठा आहे.

मासामुने शिरोच्या चित्रमालिकेवरून मामोरू ओशीने १९९५ साली केलेला 'घोस्ट इन द शेल' हा मात्र माझा सर्वात आवडता चित्रपट. मोतोको कुसानागी ही सुरक्षा दलातली अधिकारी. तिचे सर्व शरीर कृत्रिम आहे. नावेतल्या एका शांत प्रसंगात ती आणि तिचा सहकारी बातो बोलत बसतात. राजीनामा द्यायचा तर देता येईल, पण मग हे शरीर आणि त्यातल्या सरकारी गुपितांच्या आठवणी परत कराव्या लागतील, हे दोघांनाही ठाऊक आहे. नोकरी सोडताना गणवेश आणि ओळखपत्र जमा करावे, तसे येथे हातपाय जमा करायचे. हाँगकाँगच्या धर्तीवर चितारलेल्या त्या शहरातून ती फिरते तेव्हा एका इमारतीच्या काचेआड तिला आपल्याच चेहऱ्याची दुसरी स्त्री दिसते. तिचा चेहरासुद्धा कारखान्याच्या साच्यातला आहे. याच चित्रपटात बायको-मुलीच्या आठवणींनी व्याकुळ झालेला कचरागाडीवरचा एक कामगार आहे. त्याला बायको नाही, मुलगीही नाही. त्या आठवणी कोणीतरी आपल्या कामासाठी त्याच्या मेंदूत घातलेल्या आहेत. मोतोकोचे दुःख तात्त्विक आहे, त्या कामगाराचे दुःख घरगुती आहे आणि म्हणूनच ते अधिक लागते. वाचोव्स्की भगिनींनी हाच चित्रपट निर्माता जोएल सिल्व्हरला दाखवून आपल्याला काय करायचे आहे ते समजावले, आणि १९९९ साली 'द मॅट्रिक्स' आला. त्यात तर अवघी मानवजातच यंत्रांना ऊर्जा पुरवण्यासाठी जुंपलेली आहे. गहाणवट व्यक्तीची राहिली नाही, ती सार्वत्रिक झाली.

खेळांनी यात काय भर घातली? वाचक आणि प्रेक्षक गहाण पडलेल्या देहाकडे बाहेरून पाहतात. खेळाडूला तो देह चालवावा लागतो. माइक पॉन्डस्मिथने १९८८ साली 'सायबरपंक' हा मित्रांनी एकत्र बसून भूमिका वठवण्याचा खेळ रचला. त्यात दर कृत्रिम अवयवामागे पात्राचे माणुसकीचे गुण कमी होत. हा नियम मला कधीच पटला नाही. जयपूर फूट लावून शेतात राबणारा माणूस कोणापेक्षा कमी माणूस होतो? माणुसकी घटते ती अवयवामुळे नव्हे, त्या अवयवाचे हप्ते भरण्यासाठी जे करावे लागते त्यामुळे. खेळाने दुखणे बरोबर ओळखले, निदान मात्र चुकले.

१ मार्च १९९० रोजी तर कल्पित आणि वास्तव यांची सीमारेषाच पुसली गेली. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधील ऑस्टिन येथे स्टीव्ह जॅक्सन गेम्स या छोट्या प्रकाशनसंस्थेवर छापा घालून तिचे संगणक जप्त केले. त्यांत 'गर्प्स सायबरपंक' या खेळाच्या पुस्तकाचा खर्डाही गेला. खेळाचे पुस्तक हे संगणकीय गुन्ह्यांची मार्गदर्शिका आहे, असा समज करून घेतला गेला. संस्थेने सरकारवर दावा लावला आणि १९९३ साली न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देऊन ५० हजार डॉलरची भरपाई आणि वकिलांचा खर्च मंजूर केला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही नागरी हक्कांची संस्था याच धामधुमीत, १९९० साली, स्थापन झाली. सुकाणूचा प्रश्न न्यायालयात पोचला होता.

संगणकीय खेळांत माझी पसंती निर्विवादपणे २००० सालच्या 'ड्यूस एक्स'ला. त्यातले जग एका साथीने पोखरलेले आहे, लस आहे पण ती कोणाला द्यायची हे मूठभर लोक ठरवतात. नायक सरकारी हस्तक असून त्याच्या शरीरात त्याला ठार करू शकणारी कळ बसवलेली आहे. पण मनात राहतो तो गुंथर हरमन. हा जुन्या पद्धतीचे, अवजड यांत्रिक अवयव लावून घेतलेला हस्तक. नव्या पिढीचे सूक्ष्म तंत्रज्ञान आल्यापासून आपण अडगळीत जाणार, ही भीती त्याला कुरतडते आहे. शीतपेयाच्या यंत्राने संत्र्याऐवजी लिंबाचे पेय दिले तरी त्याला त्यात कारस्थान दिसते. खेळाडू हसतो. नंतर कळते की त्याच्या देहातही काही सांकेतिक शब्द पेरलेले आहेत. ते उच्चारले की तो संपला.

पॉन्डस्मिथच्या खेळावरून वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने बनवलेला 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला. त्याचा नायक 'व्ही' याच्या मेंदूत बसलेली चकती त्याला हळूहळू पुसून तेथे दुसऱ्याच माणसाला लिहीत जाते. कल्पना उत्तम. पण खेळ इतक्या कच्च्या अवस्थेत बाजारात आला की आठवड्याभरात तो प्लेस्टेशनच्या दुकानातून मागे घ्यावा लागला. तो परतला २०२१च्या जूनमध्ये. प्रकाशनापूर्वी काही आठवडे कंपनीने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे सहा दिवस काम सक्तीचे केले होते. महाकंपन्यांनी पिळलेल्या माणसांची कथा सांगण्यासाठी माणसे अशी जुंपली गेली. पुढे दुरुस्त्या होऊन खेळ नावाजला गेला, हेही खरे. पण सायबरपंक हा इशारा राहिला नसून विकाऊ माल झाला आहे, ही टीका त्या हिवाळ्यात कोणालाही खोडता आली नाही.

मग या चार दशकांच्या इशाऱ्यांतून हाती काय लागले? उडत्या मोटारी आल्या नाहीत. 'ब्लेड रनर'चे २०१९ साल येऊन गेले आणि रॉय बॅटीची भूमिका करणारा रुटगर हाउअर त्याच वर्षी, जुलैत, वारला. तेवढ्यावरून या कलाकृती चुकल्या असे म्हणणाऱ्यांनी पुढील हकिगत ऐकावी.

कॅलिफोर्नियातील सेकंड साइट या कंपनीने 'आर्गस २' हा कृत्रिम दृष्टिपटल तयार केला होता. चष्म्यावर कॅमेरा, कमरेला छोटा संगणक आणि डोळ्याच्या आत ६० विद्युत्-अग्रे. अनुवंशिक विकाराने अंध झालेल्यांना त्यामुळे उजेड-अंधाराच्या आकृत्या दिसू लागत. युरोपात २०११ साली आणि अमेरिकेत २०१३ साली त्याला मान्यता मिळाली. जगभरात ३५० हून अधिक लोकांनी तो बसवून घेतला. २०१९ साली कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले, २०२० साली ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन बहुतेक कर्मचारी घरी गेले. 'आयईईई स्पेक्ट्रम' या नियतकालिकाने २०२२ साली या रुग्णांची स्थिती उजेडात आणली. यंत्र बिघडले तर सुटे भाग नाहीत, दुरुस्त करणारा नाही, आणि डोळ्यात बसलेला तो तुकडा मात्र तसाच.

यात कोणी खलनायक नाही. विषाच्या पुड्या नाहीत, मारक कळ नाही, टायरेलचा मनोराही नाही. एक कंपनी आर्थिक अडचणीत आली, इतकेच. डोळे कंपनीचे, पण पाहणे कोणाचे, हा बॅटीचा प्रश्न मात्र त्या साडेतीनशे घरांत शब्दशः खरा ठरला. यंत्रे देहात शिरणार, यात आता शंका नाही आणि पुष्कळांसाठी ती वरदानच ठरतील. अशा वेळी दुरुस्तीचा हक्क कोणाचा, आज्ञावली कोणाच्या ताब्यात आणि कंपनी बुडाली तर उत्तरदायी कोण, हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवे होण्यापूर्वी विचारायचे असतात. सायबरपंकने आपल्याला भविष्य दाखवले नाही. गहाणखतावर अंगठा उठवण्यापूर्वी ते वाचून घ्यावे, एवढेच पुनःपुन्हा सांगितले. सुकाणू धरणाऱ्याच्या नावावरून ज्याचे नाव पडले, त्या साहित्याने याहून वेगळे काही सांगायचे तरी कशाला?